खेपेचा हिशेब : वऱ्हाडातील इलेक्ट्रिक पिकअप

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव गोविंदप्रभूंच्या वास्तव्यामुळे, महानुभाव पंथाच्या ग्रंथपरंपरेमुळे आणि अलीकडे तेथे स्थापन झालेल्या मराठी भाषा विद्यापीठामुळे महाराष्ट्रभर परिचित असले, तरी या गावाच्या आणि भोवतालच्या शिवाराच्या रोजच्या जगण्याला गती देणारी गोष्ट म्हणजे मालाची ने-आण होय. संत्रा, कापूस, सोयाबीन, तूर आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या पट्ट्यात पीक शेतात तयार होणे हा अर्धाच उद्योग असतो. उरलेला अर्धा भाग तो माल चांदूर बाजार, मोर्शी, वरूड किंवा अमरावतीच्या बाजारात वेळेवर आणि परवडेल अशा भाड्यात पोहोचवण्याचा असतो. हे काम कोणे एके काळी बैलबंडीने केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गावरील ‘शकुंतला’ रेल्वेने वऱ्हाडचा कापूस वाहिला. आणि गेल्या काही दशकांत ते छोट्या मालवाहू गाड्यांकडे आले. टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेल्या ‘एस’ या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले, आणि त्याहून मोठ्या उघड्या हौद्याच्या गाडीला सर्वत्र ‘पिकअप’ म्हटले जाऊ लागले. याच वर्गातील गाड्या आता बॅटरीवर धावू लागल्या असल्यामुळे, त्या वऱ्हाडातील एखाद्या गावात विकत घेणे, चार्ज करणे आणि चालवणे कितपत जमते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

पिकअप म्हणजे कोणती गाडी?

‘पिकअप’ या शब्दाने अमेरिकेत जे वाहन समजले जाते ते भारतातील पिकअपपेक्षा पुष्कळच वेगळे आहे. रिव्हियन कंपनीची २०२१ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागलेली ‘आर-वन-टी’, फोर्डची २०२२ मधील ‘एफ-१५० लाइटनिंग’ आणि टेस्लाचा २०२३ च्या अखेरीस आलेला ‘सायबरट्रक’ ही सारी वाहने कुटुंबाच्या प्रवासालाही वापरली जाणारी, शंभर युनिटच्या आसपास किंवा त्याहून अधिक वीज साठवू शकणारी आणि भारतीय शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच्या किमतीची आहेत. भारतात पिकअप हे प्रथम कमावण्याचे साधन आहे. मोटार वाहन नियमांच्या परिभाषेत मालासह एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असलेली मालवाहू गाडी ‘एन-१’ या वर्गात मोडते, आणि येथील इलेक्ट्रिक पिकअप बहुतांशी याच वर्गातील आहेत.

या वर्गातील ठळक पाऊल म्हणजे मे २०२२ मध्ये जाहीर झालेली टाटाची ‘एस ईव्ही’ होय. तिची बॅटरी २१.३ किलोवॉट-तास क्षमतेची, वहनक्षमता ६०० किलोची आणि एका चार्जमधील प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटरचा होता. मे २०२४ मध्ये याच गाडीची एक टन माल वाहणारी आवृत्ती आली. त्याच वर्षी महिंद्राची ‘झिओ’ आणि ऑयलर मोटर्सची सव्वा टन वहनक्षमतेची ‘स्टॉर्म’ बाजारात आली. आणि जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ ही ७५० किलो वाहणारी लहान गाडी पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही रूपांत एकाच वेळी सादर झाली. वऱ्हाडात संत्र्याचे कॅरेट थरावर थर रचून नेणाऱ्या दीड टनी डिझेल पिकअपची जागा यांपैकी एकही गाडी पूर्णपणे घेत नाही, ही गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी लागते. त्यांची खरी तुलना छोट्या हत्तीशी आहे.

युनिट आणि पल्ला

विजेच्या गाडीचे गणित समजण्यास एकच एकक पुरेसे आहे, आणि ते प्रत्येक घरातील वीजबिलावर छापलेले असते. एक किलोवॉट-तास म्हणजेच एक युनिट, तेव्हा २१.३ किलोवॉट-तासांच्या बॅटरीत पूर्ण भरल्यावर २१.३ युनिट वीज असते. प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर असेल, तर त्या चाचणीत गाडीने दर किलोमीटरला सुमारे ०.१४ युनिट खर्च केले, असा त्याचा अर्थ होतो. मात्र प्रमाणित पल्ला हा ठरावीक वेग, ठरावीक भार आणि ठरावीक तापमान यांत मोजलेला असतो. भरलेला हौदा, खड्ड्यांचा रस्ता आणि वारंवार थांबणे यांत हा खर्च ०.१८ ते ०.२० युनिटपर्यंत जातो, असे धरून चालणे शहाणपणाचे ठरते. त्या हिशेबाने हीच गाडी १०६ ते ११८ किलोमीटर धावेल, आणि बॅटरीत पाचवा हिस्सा राखून ठेवायचा म्हटले तर भरवशाचा पल्ला ८५ ते ९५ किलोमीटर उरेल. गाडी घेणाऱ्याने जाहिरातीतील आकडा वाचावा, पण खेप ठरवताना हा दुसरा आकडा मनात धरावा.

पल्ला कमी करणाऱ्या कारणांमध्ये वजनापेक्षा वेगाचा वाटा अनेकदा मोठा असतो. चाकांचा रस्त्याशी होणारा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ५० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला हवेचा अडीच पटींहून अधिक विरोध सोसावा लागतो. उघड्या हौद्यात टपापेक्षा उंच रचलेले कॅरेट आणि वाऱ्याने फुगणारी ताडपत्री हा विरोध आणखी वाढवतात, म्हणून माल टपाच्या उंचीच्या आत रचून ताडपत्री ताणून बांधणे हीदेखील विजेची बचत होय. कापसाची गोष्ट निराळी आहे; तो वजनाला हलका पण आकाराने मोठा असल्याने त्याने हौदा आधी भरतो आणि वजनाची मर्यादा क्वचितच गाठली जाते.

चढाचा हिशेब तर भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने करता येतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना गाडी सुमारे ७५० मीटर उंची चढते. मालासह दोन टन वजनाची गाडी एवढी उंच नेण्यास चार युनिट ऊर्जा लागते, आणि मोटारीतील घट धरली तर बॅटरीतून साडेचार युनिटच्या पुढे खर्च होतात; हा खर्च अंतरासाठी लागणाऱ्या विजेच्या वर असतो. परंतु उतरताना याच मोटारी उलट काम करून वीज निर्माण करतात आणि ती बॅटरीत परत भरतात. यालाच पुनर्निर्मिती ब्रेकिंग म्हणतात, आणि त्यामुळे चढाला गेलेल्या विजेचा बराच भाग उतारावर परत मिळतो. डिझेल गाडीत ही सारी ऊर्जा ब्रेक तापवण्यात वाया जाते. शिवाय विजेची मोटार चाक फिरण्याच्या पहिल्या क्षणापासून पूर्ण पीळ, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देऊ शकते, त्यामुळे भरलेली गाडी चढावर उभी करून पुन्हा सुरू करणे तिला सोपे जाते.

किती किलोमीटर धावली तर परवडते?

‘एस प्रो’ ही गाडी पेट्रोल आणि वीज या दोन्ही रूपांत उपलब्ध असल्याने तुलनेस सोयीची आहे. बाजारात येताना पेट्रोल गाडीची सुरुवातीची किंमत ३.९९ लाख, तर इलेक्ट्रिक गाडीची ६.५० लाख रुपये होती. म्हणजे विजेसाठी २.५१ लाख रुपये अधिक मोजावे लागत होते. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीची धाव लिटरला २० किलोमीटर धरली, तर किलोमीटरला ५.२५ रुपये पडतात. इलेक्ट्रिक गाडी भारासह ०.१३ युनिट खाईल आणि चार्ज करताना काही वीज वाया जाईल असे धरून मीटरवर ०.१५ युनिट मोजले, आणि घरच्या विजेचा दर सर्व आकारांसह १० रुपये धरला, तर किलोमीटरला दीड रुपया लागतो. किलोमीटरमागे वाचणारे ३.७५ रुपये साठवत गेल्यास अधिकची किंमत ६७ हजार किलोमीटरनंतर वसूल होते.

यातील खरी मेख रोजच्या धावेत आहे. वर्षातील ३०० दिवस रोज ८० किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला २४ हजार किलोमीटर करते आणि ९० हजार रुपये वाचवते, त्यामुळे तीन वर्षांच्या आत फरक भरून निघतो. हीच गाडी रोज २५ किलोमीटर धावली तर वर्षाची बचत २८ हजारांच्या आसपास येते, आणि अधिकच्या अडीच लाखांवर दहा टक्के दराने पहिल्या वर्षाचे व्याजच २५ हजार असल्याने हाती जवळजवळ काहीच उरत नाही. दुसरीकडे रोज दीडशे किलोमीटर धावण्याची गरज असेल तर पल्ला अपुरा पडतो आणि वाटेत महागडी वीज घ्यावी लागते. सार्वजनिक केंद्रावरील दर युनिटला २० रुपये धरला, तर किलोमीटरमागची बचत ३.७५ वरून २.२५ रुपयांवर उतरते. म्हणून इलेक्ट्रिक पिकअप ही ना अगदी कमी चालणाऱ्याची गाडी आहे, ना फार लांब जाणाऱ्याची. दिवसाला साधारण साठ ते नव्वद किलोमीटर, ठरलेल्या वाटेने, वर्षभर सातत्याने धावणाऱ्याची ती गाडी आहे.

रिद्धपूरचे भौगोलिक स्थान या दृष्टीने अनुकूल आहे. अमरावतीची खेप जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या आत बसते, आणि चांदूर बाजार व मोर्शी तर त्याहून जवळ आहेत. अडचण आहे ती सातत्याची. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीस येतात. केवळ स्वतःच्या बागेसाठी गाडी घेणाऱ्याची गाडी उरलेले महिने उभी राहील आणि तिचे व्याज मात्र चालू राहील. संत्र्याबरोबर दूध, भाजीपाला, किराणा आणि बांधकामाचे साहित्य अशी भाडी वर्षभर मिळवू शकणाऱ्या मालकाला, किंवा एकत्र येऊन गाडी घेणाऱ्या शेतकरी गटाला, हा व्यवहार अधिक लाभतो.

सरकारी सवलतींचेही स्वरूप नीट समजून घ्यावे लागते. ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक वाहनांवर पाच टक्केच वस्तू व सेवा कर आहे, आणि ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने बॅटरीवरील मालवाहू वाहनांना परवान्याच्या अटीतून मोकळे केले आहे; अशा व्यावसायिक गाडीच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. मात्र केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतील ट्रकसाठीचे अनुदान साडेतीन टनांवरील वर्गांना आहे, आणि महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणानुसार समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांवर दिलेली टोलमाफी प्रवासी मोटारी व बसगाड्यांसाठी आहे, मालवाहू गाड्यांसाठी नाही. शेतमाल वाहणाऱ्या लहान गाडीला हे अनुदान आणि ही टोलमाफी दोन्ही मिळत नाहीत, ही उणीव ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने लवकर दूर व्हायला हवी.

गावठाणची वीज आणि घरचा प्लग

खेड्यातील मालकाला शहरी मालकापेक्षा एक मोठी सोय असते, ती म्हणजे अंगण. बहुमजली इमारतीत प्लग कोठे बसवायचा हा प्रश्न येतो, तर वऱ्हाडातील घरापुढे गाडी उभी राहते तेथेच वायर पोहोचू शकते. साध्या १५ अँपियरच्या प्लगमधून सुमारे तीन किलोवॉट, म्हणजे तासाला तीन युनिट वीज मिळते, त्यामुळे २१ युनिटची बॅटरी भरण्यास सुमारे सात तास लागतात. रात्री दहाला लावलेली गाडी पहाटे पाचला भाजीबाजाराच्या खेपेसाठी तयार असते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या अस्तित्वातील जोडणीवरून स्वतःचे वाहन चार्ज करता येते.

तथापि सात तास अखंड तीन किलोवॉट ओढणे हा पंखा-दिव्यांच्या जुन्या वायरिंगसाठी मोठा भार असतो. यासाठी मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, तिच्यावर वेगळा एमसीबी आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवणे, तसेच महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घेणे आवश्यक असते. अर्थिंगकडे तर वऱ्हाडात विशेष लक्ष द्यावे लागते. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. त्या वेळी जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा मातीशी असलेला संपर्क सैल होतो आणि चार्जर सुरू होण्यास नकार देतो. मार्च ते जून या काळात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी ओतणे हा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

संध्याकाळी डीपीवरील, म्हणजे गावाच्या रोहित्रावरील, भार वाढून विजेचा दाब उतरतो, तो रात्री उशिरा सुधारतो, म्हणून चार्जिंगही रात्री उशिरा सुरू करणे योग्य. शेतातील पंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. कृषी दराने मिळालेली वीज अन्य कामासाठी वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरतो, आणि कृषी फीडरवरील वीज पाळीपाळीने येत असल्याने ती भरवशाचीही नसते.

याहून आशादायक मार्ग छतावरील सौर पॅनेलचा आहे. विदर्भातील उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते, तेव्हा तीन किलोवॉटचा संच बारा युनिट देईल. आणि रोज ८० किलोमीटर धावणाऱ्या लहान गाडीची वरच्या हिशेबाने निघणारी गरजही नेमकी बारा युनिट आहे. ऊन असते तेव्हा गाडी बाजारात असते, ही वेळेची तफावत नेट मीटरिंगने भरून निघते, कारण दिवसा वीजजाळ्यात दिलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटमधून वजा होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. ज्या उन्हाने संत्र्याची बाग होरपळते त्याच उन्हावर त्या बागेचा माल बाजारात जावा, ही या पट्ट्यासाठी मोठीच दिलाशाची शक्यता आहे.

पांदण, ऊन आणि लांबचा रस्ता

वऱ्हाडातील मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि बॅटरीच्या आयुष्याचा सर्वांत मोठा शत्रू उष्णताच असते. वरील गाड्यांपैकी ‘एस ईव्ही’त वापरलेला लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा बॅटरीचा प्रकार इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा कमी वीज साठवतो, पण तो उष्णतेत अधिक टिकाव धरतो, सहजासहजी पेट घेत नाही आणि दोन ते तीन हजार वेळा पूर्ण भरता-रिकामा करता येतो; वर्षाला तीनशे चक्रे धरली तर हा काळ सहा-सात वर्षांच्या पुढे जातो. तरीही तापलेली गाडी येताच प्लगला न लावता तासभर निंबाच्या सावलीत निवू देणे, आणि उन्हात उभी ठेवायची असल्यास बॅटरी शंभर टक्के भरून न ठेवणे, या सवयी तिचे आयुष्य वाढवतात. या प्रकारच्या बॅटरीत टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकत जातो, म्हणून अधूनमधून ती पूर्ण भरून आकडा जुळवून घ्यावा लागतो.

पावसाळ्यात बांधापासून रस्त्यापर्यंतची पांदण हा खरा अडसर असतो. चिखलात चाकांचा विरोध अनेक पटींनी वाढून बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय रुतलेल्या गाडीचे दुखणे विजेने किंवा डिझेलने बदलत नाही. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरने आणि तेथून पुढे पिकअपने, ही विभागणीच येथे योग्य ठरते.

लांबच्या प्रवासाचे नियोजन मात्र वेगळ्या शिस्तीने करावे लागते. अमरावती–अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला, आणि या उत्तम रस्त्यावर वेग वाढवण्याचा मोह होतो. पण रिद्धपूरहून अकोला एका चार्जच्या भरवशाच्या पल्ल्यापलीकडे असल्याने वाटेत अमरावती किंवा बडनेरा येथे थांबणे क्रमप्राप्त आहे. अशा थांब्यावर केंद्राच्या पाटीवरील किलोवॉटचा आकडा पाहून वेळेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. जलद चार्जर बॅटरीला थेट एकदिश प्रवाह देतो, परंतु किती प्रवाह घ्यायचा हे गाडीची यंत्रणा ठरवते. ‘एस ईव्ही’ची बॅटरी जलद चार्जरवर १० पासून ८० टक्क्यांपर्यंत भरण्यास १०५ मिनिटे लागतात, म्हणजे ती सरासरी साडेआठ किलोवॉटच घेते; साठ किलोवॉटच्या चार्जरला लावल्याने ती लवकर भरत नाही. ऐंशी टक्क्यांनंतर तर पेशींना इजा होऊ नये म्हणून वेग आणखी मंदावतो.

पावणेदोन तास रस्त्याकडेला बसून काढणे भाडी करणाऱ्या कोणत्याही मालकाला परवडत नाही. पण हाच वेळ बाजार समितीत हर्रासाची वाट पाहण्यात, काट्यावर वजन करण्यात आणि हमालांनी माल उतरवण्यात रोज जातच असतो. म्हणून वऱ्हाडात चार्जिंग केंद्रांची गरज महामार्गावरील ढाब्यांइतकीच किंवा त्याहून अधिक बाजार समित्यांच्या आवारात, जिनिंगच्या फाटकात आणि आठवडी बाजारांच्या गावांत आहे. गाडी जेथे नाहीतरी उभी असते तेथे वीज मिळाली, तर थांबण्याचा वेळ वाया जात नाही आणि अमरावतीची एक खेप करणारी गाडी दुपारी दुसरी खेपही करू शकते. लहान बॅटरीची स्वस्त गाडी गावाला पुरेशी ठरेल की मोठ्या बॅटरीची महाग गाडी घ्यावी लागेल, हे बऱ्याच अंशी या एका सोयीवर अवलंबून आहे.

तोपर्यंत इच्छुक मालकाच्या हाती असलेले उत्तम साधन म्हणजे एक साधी वही आहे. सध्याच्या किंवा भाड्याच्या गाडीची महिनाभराची प्रत्येक खेप, तिचे किलोमीटर, हौद्यातील वजन, बाजारात उभे राहण्याचे तास आणि गाडी रिकामी परतली की माल घेऊन, एवढे त्यात लिहिले, आणि घरातील विद्युत जोडणीचा मंजूर भार बिलावर पाहून ठेवला, तर ही गाडी घ्यावी की थांबावे याचे उत्तर कोणत्याही विक्रेत्याकडे जाण्याआधीच त्या वहीत सापडते.